मूळची कुठली

वेसाव्याच्या बंदरावर सकाळी सव्वासहाला
गजाबाय जिताड्याच्या पोटात बोट घालते
आणि न बघताच सांगते,
"बारका हाय. यान गाबोली नाय गावाची."

माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण
इथेच संपतं.
जिताडा आधी नर असतो, थोराड झाला की मादी होतो,
हे मी सात संदर्भ देऊन लिहिलंय.
तिने एकही दिला नाही.

मला हवा मोठा, आठ किलोचा.
त्याची बोटभर गाबोळी, बर्फात.
आणि डोकं.
"डोका कनाला गो? कालवन करतंस?"
मेंदू हवाय, म्हणते.
ती शेजारणीकडे बघते,
शेजारीण सोड्यांच्या वाट्यांकडे.

कसं सांगू हिला,
तीसेक कोटी वर्षांमागे
माशांच्या कुठल्याशा पूर्वजात
आख्खी पोथीच दोनदा उतरली गेली.
चुकून.
तरी अंडं फुटलं, आतलं पोहत निघालं.
पुढे जोडपानांतली बहुतेक कसर खाऊन गेली,
मादीपण घडवणारी एक ओळ मात्र
दोन्हीकडे टिकली.
काना इकडचा तिकडे, एखादं अक्षर फिरलेलं,
एक अंडाशयात नांदते,
दुसरी मेंदूत,
आणि माझं शिष्यवृत्तीचं तिसरं वर्ष
त्यांच्या मधल्या अंतरात चाललंय.

हे सगळं मी असं सांगितलं :
एकीच्या दोन झाल्या. कामं वाटून घेतली.

"मंग मूलची कंची?"

हा प्रश्न मला कुठल्या परीक्षकाने विचारला नव्हता.
दोन्ही, म्हणाले. मग, एकही नाही.
ती हसली नाही.
पाटाखालून दोन कोयते काढले,
आयेने उरणच्या लोहाराकडून जोडीने आणलेले.
एक बोंबील कापून कापून
चांदीच्या पानासारखा झालेला,
दुसरा जाड, हाडांचा, पाठीला दात पडलेला.
"यातला आयेचे हातातला कंचा,
मना बी ठावं नाय," म्हणाली
आणि जाड्याने डोकं फोडलं,
पातळाने गाबोळी सोडवली,
पडदासुद्धा न फाटता.

डोक्याचे पैसे लावले नाहीत.

प्रयोगशाळेत दोन नळ्या भरल्या.
खवल्यांच्या चिकट बोटांनी
लेबलावरची शाई पुसली गेली,
दोन्हींवर नुसतं "जि-४" उरलं.
तसंच ठेवलं जरा वेळ.
मग पेन शोधायला उठले.