श्वास रोखा

हडपसर, रात्रीचे पावणेबारा.
शेवंता खुडे, वय बावन्न, झाडणकाम.
मंगळसूत्र रुमालात बांधून
माझ्याच हाती देते.

"श्वास घ्या. रोखा."
रोखते.
वीस वर्षं कचराडेपोशी
दुसरं केलंय काय तिनं?

पडद्यावर नवं सॉफ्टवेअर
उजव्या फुफ्फुसाभोवती लाल चौकट आखतं,
शेजारी आकडा : सत्त्याऐंशी टक्के.
सही करणारे डॉक्टर नाशकात,
त्यांच्यापुढे अजून दोनशे छात्या.

"ताई, काय दिसलं?"
मला दिसलंय. सांगायचा हक्क नाही.
"रिपोर्ट उद्या, अकरानंतर."
"म्हंजे उद्याबी खाडा,"
एवढंच बोलून निघते,
रुमाल विसरून.

जिन्यात गाठते तिला.
गाठ अजून कोमट.
तेव्हा आठवतं,
"सोडा" म्हणायचं
राहूनच गेलं.