साझा क्रमांक सत्तावीस

मंगळवारी टेप घेऊन गेलो.
चौकट तीन बाय साडेसहा, खालून वाळवी.
कडीपाशी लाकूड फाटून
आतला ताजा पिवळा गाभा दिसत होता.
लाथ तिथं बसली होती.

कोतवाल मन्साराम पायरीवर खर्रा घोटत बोलला,
"चार झनं होते. तोंडाले दुपट्टे.
पन चाल कोठं बांधता येते गा दुपट्ट्यात?"
नावं त्यानं सांगितली नाहीत.
मी विचारली नाहीत.

बाई आत. उजवा हात प्लास्टरमध्ये,
डाव्या हातानं फेरफार तपासत होत्या.
घाटावर रेतीचा ट्रॅक्टर धरला, रात्री दोनला,
आणि चौथ्या दिवशी, भर दुपारी,
डब्यातली भेंडी अजून झाकायची असताना
ते आत आले.

तहसिलातून मंजुरी आली अठरा हजार चारशेची.
लोखंडी दार, खिडक्यांना जाळी,
कॅमेरा नग एक, भोंगा नग एक.
बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या,
"तिचकुले, आधी टेबल फिरवा.
तीस वर्षं इथला तलाठी दाराला पाठ करून बसतोय,
का, तर प्लगचा बोर्ड त्या भिंतीला आहे."
आम्ही दोघांनी टेबल फिरवलं.
त्याचं बिल नाही.

मग त्यांनी मागच्या भिंतीवर खडूनं दार काढलं.
यादीत नव्हतं.
मन्साराम म्हणाला, "बरोबर हाय जी,
घूस बी बिळाले दोन तोंडं ठेवते."
"आणि कुलूप असं बसवा
की आतून चावी लागणार नाही.
मला इथं लपायचं नाही, निघायचं आहे."

राहिला अर्ज घ्यायचा झरोका.
हात आत यावा, खांदा येऊ नये.
पुठ्ठ्याला भोक पाडून बघितलं,
माझा पंजाच मोठा.
सातबाऱ्यासाठी बसलेल्या भागरताबाईला उठवलं,
तिचा हात गेला, बांगड्या अडकल्या.
"अर्धा इंच वाढवा," बाई म्हणाल्या.
अर्ध्या इंचातनं काय काय येऊ शकतं
हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.
मी वाढवला.

रात्री दुकानात पत्रा कापताना
कोपऱ्यात त्याच पत्र्याचे तुकडे दिसले.
दिवाळीच्या आधी नऊ ट्रॉल्यांचे फाळके
मीच उंच केले होते, एकेक फूट. रोख पैसे.
पत्रा कोणाचा आहे
हे पत्र्याला कळत नाही, असं मी तेव्हा म्हणालो होतो.
कोणाला म्हणालो आठवत नाही,
दुकानात तेव्हा कोणी नव्हतं.

तिथं टाके मारून भागवलं होतं.
दाराला पूर्ण वेल्डिंग ओढली,
वरून खालपर्यंत, हात न उचलता.

शुक्रवारी एक जण आला, गाडीवरून न उतरता.
"कुलूप कोणतं बसवून राहिला गा?"
"चांगलं."
तो थांबला. मीही थांबलो.
मग चष्मा डोळ्यांवर ओढला आणि रॉड टेकवला.
उघड्या डोळ्यांनी त्या उजेडाकडे
कोणालाच बघवत नाही.
त्यानं तोंड फिरवलं, नंतर गाडीही.
चालीवरून ओळखायची वेळच आली नाही.

सोमवारी दार पहिल्यांदा बंद होतं, आत बाई असून.
दहापासून लोक जमले,
उन्हातून सावलीत, सावलीतून पायरीवर.
कोणी दार वाजवलं नाही.
या दाराला वाजवायची गावाला सवयच नव्हती.
कुत्रंसुद्धा सरळ आत जायचं.
घंटीचं बटन चकचकीत, लाल,
ते विजेचं म्हणून कोणी बोट लावेना.

शेवटी भागरताबाईनं पदर सावरला
आणि शेजारणीला मारावी तशी हाक मारली,
"आहे का जी बाई घरी?"

आतून अडसर सरकला, करकरत.
बिजागऱ्यांना मी भरपूर तेल दिलं होतं,
अडसराला मुद्दाम दिलं नव्हतं.
उघडलं, तर बाहेर ऐकू यावं.