हे रेकॉर्डवर घेऊ नका

शुक्रवारी रात्री आम्ही चौघं, माझगावात,
डिमेलोच्या तिसऱ्या मजल्यावर.
चिप्स म्हणून बटणं. गाला आणतो, मशीद बंदरच्या दुकानातून:
शर्टाचं पांढरं दहाला, काळं पन्नासला,
कोटाचं पितळी पाचशेला.
डिमेलो जहाजावर खानसामा होता; पानं तो पिसतो.
डॉक्टर सुखटणकर लोकांचे दात काढतात,
स्वतःचे टेबलावर कधी दाखवत नाहीत.

मी बत्तीस वर्षं स्मॉल कॉझेस कोर्टात स्टेनो.
भाडेकरू, पोटभाडेकरू, भिंत कुणाची, मोरी कुणाची,
सगळ्यांचं खोटं मिनिटाला एकशे वीस शब्दांनी उतरवलंय.
म्हणून इथे मी बोलत नाही.
बोलायला लावतात, ती गोष्ट वेगळी.
"बाई, झोपलात?" "बाई, एवढं हसू कशाचं?"
मी म्हणते, चहात साखर कमी आहे.
खरं वाक्य. त्यातून कुणाला काही सापडत नाही.

गालाचं उलटं.
हातात काही नसलं की त्याला घाटकोपरचा पूल आठवतो,
साडूचा घटस्फोट, जीएसटी, कच्छची खारीक.
पान चांगलं आलं की एकदम देवळातला,
खाली बघून बटणं मोजतो.
दोन वर्षं मी त्याच्या बडबडीवर जिंकतेय.
हे त्याला सांगितलेलं नाही.

काल पाचवं पान पडलं, चौकटची सत्ती.
माझ्याकडे राण्यांची जोडी. बाकी दोघं बाहेर.
गालानं पितळी बटणं सगळी पुढे सरकवली
आणि पुलाबिलाचं काही न काढता म्हणाला,
"सोमवारी हंसाची बायोप्सी आहे. टाटाला."

पंखा.
खाली गोदीच्या रस्त्यावर मागे येणाऱ्या ट्रकची धून.
माझी बोटं मांडीवर आपोआप चालायला लागली,
पातळ रेघ, जाड रेघ.
शांततेला लघुलिपीत खूण नाही.
साक्षीदार अडला तर आम्ही काहीच लिहीत नसू;
वाचणाऱ्याला वाटे, तो सलग बोलला.

पानं टाकली तर ती दया,
आणि ती त्याला कळली असती.
नाही टाकली, तर मग मी कोण?
बोलतोय म्हणजे हात रिकामा,
का हे बोलणं त्यातलं नव्हेच?

मी बटणं ठेवली. "दाखवा."
इस्पिकची दुर्री, बदामची चव्वी. काही म्हणजे काही नाही.
गाला हसला, कधी नव्हे ते आवाज न करता.
"आणि ते?"
"ते खरंय."

डिमेलो पानं पिसत राहिला, गरजेपेक्षा बराच वेळ.
डॉक्टरांनी चष्मा पुसला, परत पुसला.
मी पितळी बटणं ओढून घेतली, नियमाप्रमाणे,
सतरा होती,
आणि बोलत सुटले:
सकाळी सातला गेलात तर बाकावर जागा मिळते,
पाण्याची बाटली न्या, झेरॉक्स दोन-दोन काढा,
समोर एक इडलीवाला बसायचा, आता बसतो का माहीत नाही,
माझी नणंद तिथे, म्हणजे ती बरी झाली, म्हणजे तेव्हा,
आणि शाल न्या, एसी फार असतो.

गाला ऐकत बसला,
वाटलेली पानं न उचलता.