वापरात आहे

कुताइसीच्या नोंदणी कार्यालयात, जमिनीच्या अर्धा मजला खाली,
जिथे खिडकीतून फक्त जाणाऱ्यांचे बूट दिसतात,
तिथे माझा प्रिंट सर्व्हर.
एकोणीस प्रिंटर, एकेचाळीस ड्रायव्हर.
हिशोब जुळत नाही,
आणि न जुळण्याचाच मला पगार.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा, मी आईला समजावलं होतं.
संगणक बोलतो एक, प्रिंटरला कळतं भलतंच,
मध्ये कुणीतरी लागतं.
आई म्हणाली, म्हणजे मी.
तुझी आजी आणि तुझा बाप, तीस वर्षं.
मला कुणी सर्व्हरवर ठेवलं नाही.

माझ्या आधी इथे झाल होता.
आता तो पोलंडात ट्रक चालवतो,
म्हणजे ड्रायव्हरच.
जाताना त्याने ना वही ठेवली ना पत्ता,
फक्त प्रिंटरना दिलेली नावं:
खिडकीजवळचा (खिडकी केव्हाच बुजवली),
लेलाचा (लेला निवृत्त),
खोकणारा.
आणि एका जुनाट ड्रायव्हरपुढे: हात लावू नका.

शुक्रवारी पाचनंतर मी हात लावला.

एकेक निवडायचा, काढून टाकायचा.
काही मुकाट गेले.
काही म्हणाले, वापरात आहे.
अरे, कोण वापरतंय? प्रिंटर भंगारात जाऊन चार वर्षं झाली!
मशीन सांगत नाही.
त्याला एवढंच ठाऊक, की कुणीतरी.

मग जुनी युक्ती.
स्पूलर थांबवायचा, आणि तो परत उठायच्या आत
उचलून टाकायचं.
तेवढे सात-आठ सेकंद अख्ख्या इमारतीत
एकही कागद हलत नाही.
वर कुणीतरी प्रिंटरच्या पाठीवर थाप मारत असेल,
कुणी जन्म हातात घेऊन उभं, कुणी मृत्यू,
आणि मी खाली, बोट कळीवर,
श्वास धरून.

बावीस गेले. झालचा तो धरून.
घरी जाताना मी स्वतःला एक आइस्क्रीम घेतलं.

सोमवारी चार नंबरच्या खिडकीवरून फोन.
रामाझ घ्लोंती, मुलगी आठ दिवसांची, नाव तेकले.
दाखल्यावर आडनाव होतं,
पण पहिल्या अक्षराच्या जागी रिकामा चौकोन.
नव्या ड्रायव्हरला आमची तेहतीसपैकी बत्तीस अक्षरं येत होती.
घशातून खरवडून काढायचा तो घ
त्याला कुणी शिकवलाच नव्हता.
बापाने खिशातून पेन काढलं,
म्हणाला, इथे बरोबरची खूण करायची का?

मी झालला फोन लावला.
मागे पावसात वायपर चालल्याचा आवाज.
हसला नाही. ओरडलाही नाही.
म्हणाला, दोन रात्री बसलो होतो त्या एका अक्षरासाठी, मझिया.
टोनरच्या कपाटामागे बिस्किटांचा डबा आहे,
त्यात डिस्क. वर हिरवा डाग असलेली.
आणि त्याने फोन ठेवला, पुढे टोलनाका होता.

डबा होता. बिस्किटंही होती, त्यांचं विचारू नका.

घ आला.
ओळीपेक्षा केसभर वर,
जसा तो इथल्या प्रत्येक दाखल्यावर येत आलाय.
मी जुन्या फायली काढून पाहिल्या:
दहा-बारा वर्षांतले या गावचे सगळे घ्लोंती
किंचित उचललेले,
जणू कुणी हाक मारली म्हणून मान वर केलीय.

दुपारी वरून विचारणा आली:
प्रिंटर एकोणीस, तर ड्रायव्हर वीस कसे?
मी दोन शब्दांचं उत्तर लिहिलं,
मशीनकडूनच उसनं घेतलेलं.

रामाझने त्या अक्षराकडे पाहिलंसुद्धा नाही.
जन्माची तारीख तपासली, मुलीचं वजन दोनदा वाचलं,
दाखला कोटाच्या आत सरकवला.
थोड्या वेळाने माझ्या खिडकीवरून त्याचे बूट गेले,
घाईत,
एकाची नाडी सुटलेली.