चार जोड

नर्सबाई येऊन गेल्या सोमवारी.
म्हणाल्या, एकदा घातला की टाकायचा.
दिले चार जोड हातमोजे.
पाठीची जखम दिवसातून दोनदा पुसायची
आणि महिना तीस दिवसांचा.

म्हणून मी ते धुते.
सोड्याच्या पाण्यात, मग साबणात,
आणि दोरीवर टाकते; खाली चटईवर सुकट.
वारा भरला की बोटं फुगतात.
शेजारची रुक्मी हसली परवा,
"माकुल सुकत घातलंस काय गो?"

मामंजींना कुशीवर वळवताना
मी श्वास धरते, बुडी मारावी तसा.
चाळीस वर्षं सुकाणू धरलेला माणूस
खाटेची लोखंडी कड धरतो,
बोटं पांढरी होईस्तोवर.
जखमेचा रंग बघते. काल गुलाबी होता.
आज कडेला हिरवट,
सर्जेकोटच्या धक्क्याच्या ओल्या पायरीसारखा.

शिंगाळ्याचा काटा लागला होता
बुधवारी, अंगठ्यात.
गिऱ्हाईक उभं होतं. हळद लावली, विसरले.
गुरुवारी मोजा फाटला नेमका तिथेच.

आता अंगठा ठणकतो रात्रभर.
कुणी कुणाला दिलं हे?
मी त्यांना, की त्यांनी मला?
विचारायचं कुणाला. हे समुद्रात,
फोन लागत नाही. नर्सबाई सोमवारी.

अंधारात खाटेवरून आवाज येतो:
"हात दुखता काय गो तुझो?"
मी नाही म्हणते.

"खोटां सांगू नको. भाकरी थापण्याचो आवाज
आज एका हाताचो होतो.
फाटेच्या एसटीन जा मालवणाक.
मी पडान रवतंय.
मी खंय जातलंय?"