दुसऱ्या बरगडीखाली

हनुवटी इथे टेका. खांदे पुढे.
श्वास घ्या, मोठा. रोखा.
सोडा.

गोवंडीच्या या खोलीत दिवसाला नव्वद वेळा
मी एवढंच बोलते.
मंगळसूत्र, ताईत, झंपरची पिन
आधी ट्रेमध्ये काढायला लावते;
विसरलेली पिन फुप्फुसात उगवते
आणि डॉक्टर दारूवाला ओरडतात.

नवीन पोरगा, इरफान, त्याला सांगते:
काळं बघून घाबरू नकोस. काळी ती हवा.
पांढरं ते अडलेलं.
आधी नाव बघ, मग उजवी बाजू कुठली ते,
नाहीतर एखाद्याचं काळीज भलतीकडे नेऊन ठेवशील.
बरगड्या मागच्या मोज. दहा दिसल्या
तर माणसाने श्वास पुरता घेतलाय.
हृदय छातीच्या निम्म्याहून रुंद नको.
खालचे दोन कोपरे समोशासारखे टोकदार हवेत,
बोथटले की पाणी.
डावीकडे पडद्याखाली काळा फुगा,
तो आजार नाही, पोटातली हवा.
आणि सगळं ठीक वाटलं ना,
की गळ्याच्या हाडामागे पुन्हा बघ.
तिथे लपतं.

परवा हर्नियाच्या ऑपरेशनआधी
सासूबाईंच्या छातीचा फोटो मीच काढला.
कमळिनी बाळकृष्ण चुरी, वय अठ्ठ्याहत्तर.
उजवीकडे वर, दुसऱ्या बरगडीखाली
चार ठिपके. तांदळाएवढे. चुन्यासारखे पांढरेफेक.
"जुनाय. बरा झालेला," डॉक्टर म्हणाले.
"टीबी होऊन गेलाय यांना. तुम्हाला माहीत नाही?"

माहीत होता तो तिचा वेगळा पेला.
कुणी तोंड लावलं की घर डोक्यावर.
माझं पहिलं बाळ मांडीवर घेऊन
तोंड भिंतीकडे फिरवायची.
मुका असा घेतलाच नाही कधी.
मी म्हणायचे, सोवळं.
माहेरी सांगायचे, मी पसंतच नव्हते तिला.
सव्वीस वर्षं रोज तिच्यासमोर बसून
मी हे असं वाचलं.

रात्री विचारलं. मोठ्याने, तिला ऐकू कमी येतं.
"लग्नाआधी दीड वर्ष शिवडीला होते,"
ती लसूण सोलत राहिली.
"सगळ्यांना सांगितलं, डहाणूला मामाकडे शिवण शिकते.
शिकले काय, रोज एक सुई.
त्या सुयांनीच कान नेले.
ह्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं."

मग जरा वेळाने:
"अजून दिसतं होय?"
"दिसतं."
"केवढं?"
"तांदळाएवढं."
"फोटो फाडून टाकतात ना नंतर?"
आता कम्प्युटरमध्ये राहतो, म्हटलं.
तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढला,
मी अजून बघतेय असं वाटून.

आज सकाळी पहिलीच बाई. जरीवाल्याची सून,
हातावर सोनेरी भुसा तसाच.
श्वास घ्या, म्हटलं. रोखा.
आणि सोडा म्हणायचं राहूनच गेलं.
इरफान बोलला शेवटी.