ळ

सव्वीस पायऱ्या, मग डावीकडे वळण,
मग फिनेलचा वास, मग काउंटर.
सवलतींचा विभाग दुसऱ्या मजल्यावर ठेवणाऱ्याला
एकदा भेटायचं आहे मला. भांडायला नाही,
चहाला. पण तळमजल्यावर.

फॉर्म कानडीत. क्लार्क म्हणाले, 'नाळे बा.'
उद्या ये.
आत्या सांगते, तिकडं धारवाडच्या पुढं
पूर्वी दारांवर हेच दोन शब्द खडूनं लिहायचे.
रात्री भूत यायचं, वाचायचं, परत जायचं,
दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.
मी असे तीन उद्या गेले.
भुताला निदान वाचता तरी येत होतं.

चौथ्या दिवशी बेळगुंदीहून आत्याही आली,
भाजीची पिशवी काउंटरवरच ठेवली तिनं,
'लिवणारं माणूस द्या की वो पोरीला,
डोळे कुठं मागालोय आम्ही?'
सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला क्लार्कनं दोनदा वाचला, मोठ्यानं.
शंभर टक्के.
शिक्का बसला.

नियम असा, की लेखनिक खालच्या वर्गातली हवी,
म्हणजे तिला माझ्याहून कमी येतं याची खात्री.
मिळाली निंगव्वा. बैलहोंगलकडची, पीयूसी दुसरं वर्ष,
हॉस्टेलात राहते, हाताला खोबरेल तेलाचा वास.
मराठी?
'स्वल्प स्वल्प, अक्का.'
देवनागरी हिंदीच्या तासाला शिकलेली, तेवढीच.

पेपरच्या आधी व्हरांड्यात
माझ्या ब्रेलच्या कागदावर तिनं बोट ठेवलं.
'इदु एनु?'
क, म्हटलं.
'मराठी क, की कन्नड क?'
इथल्या पोरांना हा प्रश्न आपोआप येतो.
दोन टिंबं, म्हटलं, एक वर, एक खाली, मधली जागा मोकळी.
तुझा क हाच. माझाही हाच.
तिनं पुन्हा बोट फिरवलं.
मग बराच वेळ बोलली नाही.

ज्या पाट्यांना डांबर फासतात
त्या मी पाहिलेल्या नाहीत.
बसस्टॉपवर नुसता डांबराचा वास आलाय
आणि चढलेले आवाज, दोन्ही भाषांतले.

प्रश्न चौथा, दहा मार्क. भाषावार प्रांतरचना.
हसू आलं, दाबलं.
मी सांगत गेले, ती लिहीत गेली,
पेन अडखळलं की मला ऐकू यायचं.
मग एके ठिकाणी ते थांबलंच.
'अक्का, बेळगावचा ळ.
हिंदीत नाही तो. कसा काढायचा?'

काय सांगू?
माझा ळ म्हणजे उजवीकडची तीन टिंबं,
एकाखाली एक, शर्टाच्या गुंड्यांसारखी.
कागदावर तो कसा दिसतो, मला काय माहीत.
बोलते रोज. भेट नाही.

'आमच्यातला येतो मला,' ती कुजबुजली.
सनदी सरांच्या चपला फेऱ्या मारत
आमच्या बाकाशी थांबल्या.
थोडा वेळ थांबल्याच.
मग पुढं गेल्या.
'तुमचा लिही,' मी म्हटलं.

तासाला वीस मिनिटं जास्तीची असतात आम्हाला,
त्यातलं एक त्या ळला गेलं.
पुढं ती अडली नाही.
काळ, चळवळ, वगळले, वेगळे,
भराभर, आणि जरा जास्तच खुशीत,
जणू परक्या गावात माहेरचं माणूस
दर दोन ओळींनी भेटत होतं.

तपासणाऱ्याचं काय झालं कुणास ठाऊक.
साठपैकी सदतीस.
ळचे कापले की प्रांतरचनेचे,
ते मार्कलिस्टात लिहून येत नाही.

मे महिन्यात निंगव्वाचा फोन आला, गावाकडून,
मागं म्हशी ओरडत होत्या.
'अक्का, तुमचा ळ येतंय आता मला.
सोप्पं आहे. इंग्लिश आठ आडवा पाडायचा,
वरनं रेघेला टांगायचा.'
बरं, म्हटलं.
'आणि आठ कसा असतो गे?'